चरातला मणी

रायपूर राजधानी झालं तेव्हा शहरात सगळ्यात आधी नारळ महाग झाले. असं म्हटलं की लोक हसतात, पण घरचा बाजार मी स्वतः आणत होतो, त्यामुळे मला ठाऊक आहे. रोज कुठे ना कुठे भूमिपूजन असायचं. रस्त्याचं, चौकाचं, विश्रामगृहाचं, नाल्यावरच्या पुलाचं. सकाळी पेपर उघडला की झेंडूची माळ घातलेलं फावडं आणि ते धरायला सरसावलेले सात-आठ हात. आमच्या रस्त्यावर एकाच खड्ड्याचं पूजन दोनदा झालं, दोन वेगळ्या पाहुण्यांच्या हस्ते. खड्डा तसाच राहिला. पुढे त्यात पाणी साचलं आणि म्हशी बसू लागल्या. नव्या राज्याला सगळं लवकर हवं होतं.

सोनंही लवकर हवं होतं.

मी तेव्हा एका खाजगी कंपनीत होतो. ती आता नाही. तिचं काम सोन्याच्या शोधाचं. खाण चालवणं नव्हे, फक्त शोध: कुठे आहे, किती असू शकतं, आणि पुढे खर्च करण्यासारखं आहे का. रायपूरचं कार्यालय पंडरीला, कापडाच्या ठोक दुकानांच्या वर. जिन्यात कोऱ्या कापडाच्या खळीचा वास असायचा. कार्यालयाचे प्रमुख माझे भाऊजी, सख्ख्या मोठ्या बहिणीचे यजमान. नागपूरची पक्की सरकारी नोकरी सोडून ते या कामासाठी आले होते. पंचेचाळिशीत पक्की नोकरी सोडणं म्हणजे काय, हे आमच्यासारख्या विदर्भातून आलेल्या घरांना सांगायला नको. माझे वडील रेल्वेत होते. ही बातमी ऐकल्यावर ते बरेच दिवस जेवताना बोलत नव्हते.

मला त्यांनीच कंपनीत बोलावलं. मी रसायनशास्त्र शिकलेला. नमुन्यांचे आकडे तपासायचे, नकाशावर लावायचे, शेवटच्या तक्त्यावर त्यांच्या सहीखाली माझी सही, एवढं काम.

"मले तुझ्यासारखा किरकिऱ्या माणूस पाहिजे," ते म्हणाले. "भाजीवाल्याचा तराजू तपासणारा."

"मी तपासतो कारण तो खोटा असतो."

"तेच म्हणून राहिलो ना!"

आमचा टापू रायपूरच्या पूर्वेला होता. धानाची शेतं संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथे जमिनीचा रंग बदलतो. शेतांखाली चुनखडी; जंगलात काळपट हिरवा खडक. हा हिरवा खडक म्हणजे फार जुना लाव्हा, दाबाने आणि उष्णतेने बदललेला. त्याच्या कडेला ग्रॅनाइट. दोघांच्या मधल्या सांध्यावर जमीन कधीकाळी घासली गेली, चिरली गेली, आणि त्या चिरांतून खालचं गरम पाणी वर आलं. पाणी गेलं, मागे पांढऱ्या गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या, शिरा राहिल्या. कुठे कुठे त्या शिरांत सोनं असतं. बहुतेक शिरांत काही नसतं. गार पांढरी दिसली म्हणून सोनं आहे असं समजणारा माणूस आणि दुधाचा रंग बघून साय मोजणारा माणूस, दोघे सारखेच.

पण सोनं होतं हे नक्की. पावसाळ्यानंतर तिथल्या नाल्यांत काही कुटुंबं लाकडी ताटात रेती धुवून सोन्याचे बारीक कण काढायची, पिढ्यान् पिढ्या. नाल्यात कण आहेत म्हणजे वर कुठेतरी ते सुटत आहेत. कुठून, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर भाऊजींनी मला जेवताना सांगितलं. बूढापाऱ्यात त्यांनी भाड्याचं घर घेतलं होतं, तलावापासून दोन गल्ल्या आत. ताईने गरम पोळी वाढली. भाऊजींनी ती दुमडली आणि दुमडीवर तूप सोडलं.

"पाय आता. कुठं गेलं तूप?"

"दुमडीत."

"काहून?"

"तिथे फट राहते."

"मंग? खडकाचंबी असंच आहे. शीर सरळ जाते तिथं काही थांबत नाही. वाकते तिथं फट पडते, अन् सगळं तिथं जमा होते. आपली शीर टेकडीच्या पश्चिमेला वाकते. सोनं त्या वाकात आहे. वर नाही दिसणार, खाली आहे. मशीन लावल्याबिगर दिसत नाही."

"पोळी खा आधी," ताई म्हणाली. "रोज माझ्या पोळीत खाण खणता."

मशीन म्हणजे ड्रिल. जमिनीत शंभर-दोनशे मीटर भोक पाडून खडकाची कांडी वर काढणारं. ते मुख्य कार्यालय देणार होतं, एका अटीवर. एक हंगाम. वरवरचे चर खणा, नमुने घ्या. चरांतून चांगला आकडा आला तर ड्रिल येईल. नाही आला तर रायपूरच्या कार्यालयाला कुलूप. भाऊजींना परत घ्यायला नागपूरची नोकरी थांबलेली नव्हती. म्हणजे त्यांचं सगळं काही एका आकड्यावर होतं, आणि तो आकडा वरच्या मातीतून यायचा होता, जिथे सोनं नाही असं ते स्वतःच सांगत होते.

पहिल्या चराचं भूमिपूजन झालंच पाहिजे, असं मुख्य कार्यालयातून आलेल्या साहेबाने ठरवलं. शहरात सगळ्यांचं होतं, आपलं का नको. फोटोग्राफर आणला. फोटोत गारेची पांढरी शीर मागे दिसली पाहिजे म्हणून पूजेचा खड्डा थेट शिरेवरच खणला. पूजेला जोडपं लागतं, म्हणून भाऊजी आणि ताई पाटावर बसले. पंडितजींनी पिशवीतून पंचरत्नांची पुडी काढली. बाजारात मिळते ती: रंगीत काचेचे चार तुकडे आणि सोनं म्हणून पितळेच्या पत्र्याची टिकली. ती हळदीकुंकवासकट खड्ड्यात गेली. साहेबाने फावडं मारलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. नमुने घेताना भाऊजींचा नियम होता की हातात अंगठी चालणार नाही. सोन्याच्या अंगठीचा नुसता घासलेला कण नमुन्यात गेला तरी आकडा फुगतो. कारण आम्ही जे मोजतो ते एका टनात किती ग्रॅम. म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. ते स्वतःची पुष्कराजाची अंगठी काढून रुमालात बांधायचे. नाकात फुली असलेल्या मजूर बायांना नमुना फोडायला बसवत नसत. इतका काळजीचा माणूस त्या दिवशी हात जोडून पाटावर बसला होता, कारण ती पूजा होती, नमुना नव्हता.

चर खणले गेले. नमुने पोत्यांतून शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत, उरल्याला गेले. तिथे एका रोलिंग मिलच्या शेजारी आम्ही शेड भाड्याने घेतलं होतं. धूळ, ट्रक, पाळी सुटल्याचे भोंगे. शेडमध्ये दगड फोडायचं यंत्र आणि दळायची गिरणी. गिरणी जात्यासारखीच, फक्त दगडाऐवजी लोखंडी चकत्या. दोन नमुन्यांच्या मध्ये नुसती गार दळून चकत्या साफ करायच्या असतात. त्या आठवड्यात वीज येत-जात होती आणि मुख्य कार्यालयाचे फोन येत होते. साफसफाई गळली. दळलेल्या पुड्या परगावच्या प्रयोगशाळेत गेल्या.

संक्रांतीच्या सुमारास आकडे आले. बहुतेक नमुन्यांत जवळपास काही नाही. आणि पहिल्या चराच्या एका नमुन्यात टनाला एकवीस ग्रॅम.

ज्यांना हा आकडा कळत नाही त्यांच्यासाठी: टनाला चार-पाच ग्रॅम मिळाले तरी लोक खाण काढायचा विचार करतात. पंडरीच्या कार्यालयात पेढे आले. मुख्य कार्यालयातून साहेबाचा फोन आला, ड्रिलची तयारी करा. भाऊजी मात्र खुर्चीत बसून चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, माणूस सुटला म्हणून गप्प आहे.

संक्रांतीला ताईकडे जेवायला होतो. गुळाच्या पोळ्या होत्या. भाऊजी काही आणायला बाहेर गेले होते. ताई खुशीत होती. माझ्या ताटात तूप वाढत म्हणाली, "तुले एक गोष्ट सांगू? हसशील."

"सांग."

"पंडितजींनी ती पितळेची टिकली काढली ना, मले पाहून कसंतरीच झालं. पितळ घालून धरतीमायकडून सोनं मागायचं? मी पदराआड गळ्यातल्या पोतीतला एक सोन्याचा मणी सोडवला अन् कुंकवाबरोबर टाकला. कोणाले नाही सांगितलं. यांलेबी नाही. अन् पाय, धरतीनं किती परत केलं!"

माझ्या भाचीने तोंडात पोळी असताना विचारलं, "मम्मी, तो क्या वो वाला गोल्ड मामा लोगों को मिल गया?"

"चूप बस, पोट्टी. देवाचं देणं असं मोजत नसतात."

पोट्टी बरोबर बोलली होती.

"असे मणी किती होते?" मी विचारलं.

"दोन. एकासारखा एक. आईने दिलेले." तिने पोत वर करून दाखवली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने दुसराही मणी सोडवला आणि माझ्या हातावर ठेवला. "घेऊन जा. पुढच्या चरात घाल. तुझ्या हातानं."

मी घेतला. दुसऱ्या दिवशी उरल्याच्या शेडमधल्या तराजूवर ठेवला. ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाला किंचित वर. एकवीसचा नमुना पूजेच्या खड्ड्याच्या जागचाच होता, आणि आमचा नमुना चार किलोचा असायचा. भागाकार करायला कागद लागला नाही. मणी पूर्ण दळला गेला असता तर टनाला पंचवीस-सव्वीस ग्रॅम यायला हवे होते. आले होते एकवीस. मग बाकीचं कुठे गेलं?

तेव्हा मी आकडे वेगळ्या क्रमाने लावले. नकाशावर आम्ही ते जमिनीच्या क्रमाने लावतो. मी ते गिरणीच्या क्रमाने लावले, कोणता नमुना कशानंतर दळला. एकवीसनंतर दळलेल्या नमुन्यात अडीच. त्याच्या पुढच्यात एकाच्या आत. त्याच्या पुढच्यात नाममात्र. हे तिन्ही नमुने एकमेकांपासून लांबच्या चरांतले. जमिनीत त्यांचा काही संबंध नव्हता, संबंध फक्त चकत्यांवर होता. सोनं मऊ असतं. ते चकतीला लोण्यासारखं माखतं आणि पुढच्या नमुन्यांत थोडं थोडं उतरत जातं. सगळ्यांची बेरीज मण्याच्या वजनाच्या जवळ जात होती. इतका हिशेब जुळायला नशीबही लागतं. माझं ते नशीब त्या दिवशी जोरावर होतं.

भाऊजींना मी कार्यालयात, दार लावून सांगितलं. मण्याचंही सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडचा कागद न बघताच म्हटलं, "अडीच, एक, मंग शून्य. मले पहिल्या दिवशीच दिसलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मणी नव्हता माहीत. पण खरी शीर अशी नसते, एका जागी एकवीस अन् हातभर बाजूला काहीच नाही. कशाचं तरी सोनं आहे, एवढं समजलं."

"मग पुन्हा नमुना घ्यायला हवा."

"घेऊ ना. ड्रिल आल्यावर."

"आधी."

"आधी घेतला तर काय येईन? शून्य येईन. वर काही नाहीच, मी काय म्हणून राहिलो इतके दिवस? अन् कुलूप लागन. मशीन एकदा त्या वाकात उतरू दे. आकडा खोटा असन, जागा खोटी नाही."

मी म्हणालो, "ज्या आकड्यावर मशीन येणार तो आकडा तुमच्या बायकोच्या गळ्यातला आहे."

ते उठले, खिडकीशी गेले. खाली हातगाडीवर कापडाचे ठाण चढत होते. "तू सही नको करू," ते म्हणाले. "मी एकटा करतो. तुले कोणी विचारणार नाही."

मी सही केली नाही. पण विचारलं गेलं. साहेब ड्रिलची जागा बघायला आला. तक्त्यावर एकच सही बघून त्याने बैठकीत सगळ्यांसमोर मला विचारलं, "ये इक्कीस वाला नंबर पक्का है न?"

मी भाऊजींकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते.

"नहीं," मी म्हणालो.

"मतलब?"

मी मतलब सांगितला. गिरणीचा क्रम आणि खड्ड्यातलं सोनं. सोनं कोणाचं हे सांगायचं मी टाळलं, पण पूजेला कोण बसलं होतं ते साहेबाला आठवत होतं. फोटोच होता. तो हसायला लागला, आणि त्याच्याबरोबर आलेले तिघेही हसले. "तो ये दीदी की खदान है! भैया, इसमें ड्रिल नहीं, सुनार लगेगा!"

भाऊजी एकटेच हसले नाहीत. मीही नाही, पण ते कोणी पाहिलं नाही.

पुन्हा नमुना घेतला. शून्य आला. पावसाळ्याआधी कार्यालय बंद झालं. 'दीदी की खदान' हे मात्र बंद झालं नाही. पंडरीच्या जिन्यातून ते खाली उतरलं आणि बूढापाऱ्याच्या गल्लीपर्यंत गेलं. किराणा दुकानदाराने ताईला गमतीने विचारलं, दीदी, आपकी खदान कैसी चल रही है. ती पिशवी तिथेच ठेवून परत आली. नवऱ्याची नोकरी गेली हे तिने सोसलं असतं, असं माझी बायको म्हणते. देवाला दिलेली वस्तू लोकांच्या तोंडी आली, ते तिने सोसलं नाही. आणि हिशेब कोणत्या मण्यावर झाला हे तिला कळलं होतं. पुढच्या चरात घालायला म्हणून दिलेला मणी मी तराजूत घातला होता.

ते नागपूरला परत जायच्या आधी मी मणी घेऊन गेलो. घरात सामान बांधलेलं होतं. दारात भाची आली. आत जाऊन परत आली. "मामा, मम्मी बोल रही है, रख लो."

भाऊजींना चंद्रपूरकडे एका चुनखडीच्या खाणीत काम मिळालं. चुनखडी शोधावी लागत नाही, डोंगर दिसतो तो तीच असते. मला उरल्याच्या एका पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम मिळालं, अजून तिथेच आहे. भाऊबीज आली आणि गेली. पुढचीही गेली. आमच्या घरी त्या दिवशी बायको माझ्या ताटात मुकाट्याने वाढते.

नातेवाईक अजून मला सांगतात की एक शब्द बोलला नसतास तर काय बिघडलं असतं. सुरुवातीला मी समजावून सांगायचो. आता विचारतो, तुमच्या रक्ताच्या तपासणीत दुसऱ्याचं रक्त मिसळलं तर चालेल का? त्यावर ते चहा घेतात. बरोबर आकडा सांगितल्याबद्दल माणसाने माफी मागावी अशी या समाजाची रीत असेल, तर असो. मी मागितलेली नाही.

बरीच वर्षं गेली. मग एका सकाळी पेपरात होतं की आमच्या त्या टापूत दुसऱ्या कोणी ड्रिल लावलं आणि सोनं लागलं. खर्च करण्यासारखं. सोबत लहानसा नकाशा होता. पेपरातले नकाशे धड नसतात, पण टेकडी ओळखू आली. भोकं तिच्या पश्चिमेला होती. वाकात.

त्या वर्षी भाऊबिजेला मी न कळवता नागपूरला गेलो. ताईचे केस पांढरे झाले होते. तिने दार उघडलं, बघत राहिली आणि म्हणाली, "ये." बस, एवढंच. पाट मांडला. ओवाळलं. मी तबकात मणी ठेवला.

भाऊजी आरामखुर्चीत होते. "पेपर मीबी वाचला," ते म्हणाले.

"जागा बरोबर होती, भाऊजी."

"जागा होतीच बरोबर. तुले ते माहीत होतं. त्या दिवशी बैठकीत तू आकड्याचं सांगितलं. जागेचं नाही सांगितलं."

"जागेचं मला विचारलं नव्हतं."

"हव," ते म्हणाले. "विचारलं नव्हतं."

मग जेवायला बसलो. ताईने पोळी वाढली. भाऊजींनी ती चार तुकडे करून खाल्ली, दुमडली नाही. तूप त्यांना डॉक्टरांनी बंद केलं होतं.

ताई तबक उचलायला आली. मणी तिने बोटाने कुंकवातून बाजूला काढला, उजेडात धरला.

"वजन करून आणला काय?" तिने विचारलं.

आदल्या दिवशी उरल्याला केलं होतं. काही कमी झालं नव्हतं.